हलकं आणि कमी कार्बनचं काँक्रीट: राखेला दोष देण्याआधी खडीतलं पाणी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे की फ्लाय ॲशच्या म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रातल्या बारीक राखेच्या भाजलेल्या गोळ्यांची खडी वापरून, सिमेंटच्या ३० टक्के जागी फ्लाय ॲश घालून, घनमीटरला १८०० किलो घनतेचं, २५ एमपीए (मेगापास्कल, दाब सोसायच्या ताकदीचं माप) ताकदीचं काँक्रीट करायचंय. पण स्लम्प (साच्यातून काढल्यावर ताजं काँक्रीट किती खाली बसतं ते, म्हणजे त्याचा सैलपणा) वीस मिनिटांत जातोय, थोडं पाणी घालून चालवलं तर खडी वर तरंगते, आणि ७ दिवसांना क्युब (तपासणीसाठी ओतलेले काँक्रीटचे ठोकळे) ११ एमपीएवर फुटतायत. राख खराब आहे का, सिमेंट वाढवू का, असं विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो. राख बहुतेक ठीक आहे. सिमेंट आत्ता वाढवू नका. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते, खडीत किती पाणी आहे ते तुम्हाला माहीत नाहीये. मी ह्या कामात वीसेक वर्षं आहे, आधी लॅबमध्ये मग प्लांटवर, आणि हलक्या काँक्रीटची जितकी बिघडलेली मिक्स माझ्यासमोर आली त्यातली बरीचशी इथेच बिघडलेली होती.

आकडे घेऊन बघू म्हणजे पटेल. समजा एका घनमीटरला तुमचं मिक्स असं आहे: सिमेंट आणि राख वगैरे मिळून बाइंडर ४३० किलो, पाणी १८० लिटर, नेहमीची वाळू ६०० किलो, आणि गोळ्यांची खडी कोरड्या वजनाने ६०० किलो. साधी दगडी खडी पाणी पिते फार तर एक-दोन टक्के, त्यामुळे तिकडे कोणी फारसं लक्ष देत नाही आणि तरी निभावून जातं. ह्या गोळ्या मात्र २४ तासांत आपल्या वजनाच्या १५ टक्के किंवा त्याहून जास्त पाणी सहज पितात. ६०० किलोचे १५ टक्के म्हणजे ९० लिटर. तुमचं मिक्सिंगचं सगळं पाणी १८० लिटर, आणि कोरडी खडी टाकलीत तर त्यातलं अर्धं पाणी प्यायची तिची ताकद आहे, आणि ह्यातला मोठा भाग ती पहिल्या अर्ध्या तासातच पिऊन टाकते. मग स्लम्प वीस मिनिटांत नाही जाणार तर काय होणार.

आता स्लम्प गेला की माणूस काय करतो, अंदाजाने पाणी घालतो. ते पाणी खडीने प्यायलं तर ठीक, पण पिणं मंदावल्यावर घातलेलं पाणी पेस्टमध्येच, म्हणजे सिमेंट-राखेच्या लगद्यातच, राहतं, आणि मग ताकद जाते आणि खडी वर येते. ती का तरंगते तेही बघा. वरच्या मिक्समध्ये खडी सोडून बाकीच्या मॉर्टरची घनता साधारण २१०० किलो येते, आणि पाणी प्यायलेल्या गोळीची १६०० च्या थोडी वर. म्हणजे साध्या काँक्रीटच्या बरोब्बर उलट, तिथे दगड खाली बसतो, इथे गोळी वर येते. मॉर्टर घट्ट असेपर्यंत तो तिला धरून ठेवतो, पातळ केलात किंवा व्हायब्रेटर जास्त वेळ धरलात की सुटली. आणि हलक्या काँक्रीटचा स्लम्प वजन कमी असल्यामुळे मुळातच कमी दिसतो, दिसायला ७५ मिलीमीटरचा स्लम्प असला तरी ते हाताला चांगलं चालतं, त्यामुळे साध्या काँक्रीटच्या सवयीने १५० च्या मागे लागू नका.

उलटी चूकही तितकीच होते. कोणीतरी सांगतं की खडी भिजवून घ्या, मग ती रात्रभर हौदात बुडवतात आणि सकाळी निथळू न देता तशीच मिक्सरमध्ये. आता गोळीच्या आत १५ टक्के आणि वरून चिकटलेलं ६ टक्के. ते वरचं ६ टक्के म्हणजे ३६ लिटर मोकळं पाणी, जे हिशोबात धरलेलंच नाही. १८० चे झाले २१६, पाणी-बाइंडर गुणोत्तर ०.४२ वरून ०.५० वर. एवढ्यानेच ताकद लक्षात येण्याइतकी उतरते आणि दोष लागतो राखेला.

म्हणून हे आधी करा. दोन किलो गोळ्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, गार करा, पाण्यात टाका, आणि अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि २४ तासांनी बाहेर काढून जाड टॉवेलमध्ये फिरवून वरची चमक जाईपर्यंत पुसा आणि वजन घ्या. ती चमक जाण्याचा क्षण डोळ्याला दिसतो, ओली गोळी काळपट आणि चकचकीत असते, पाण्याचा पापुद्रा गेला की रंग तोच राहतो पण मॅट दिसायला लागते, तिथे थांबायचं, त्यापुढे पुसत बसलात तर टॉवेल आतलं पाणी ओढतो. ही तीन वजनं म्हणजे तुमच्या खडीची कुंडली. नंतर रोज मिक्स करायच्या आधी ढिगातून एक किलो घ्यायचा, तव्यावर पूर्ण सुकवायचा आणि एकूण ओलावा काढायचा, त्यातून शोषणाचा आकडा वजा केला की राहिलं ते मोकळं पाणी, तेवढं मिक्सिंगच्या पाण्यातून कमी. वजाबाकी उलटी आली तर तेवढं जास्त घालायचं, आणि ते आधी खडीवर घालून पाच-दहा मिनिटं फिरू द्यायचं, मग सिमेंट.

प्लांटवर मी खडीवर स्प्रिंकलर लावून दोन-तीन दिवस भिजवतो आणि वापरायच्या आदल्या रात्री बंद करून निथळू देतो. सकाळी ढीग लोडरने एकदा खालीवर करून घेणं फार गरजेचं आहे, कारण वरचा थर वाऱ्याने सुकलेला असतो आणि तळाशी पाणी साठलेलं असतं, एकाच ढिगातल्या पहिल्या आणि दहाव्या बॅचमध्ये त्यामुळे फरक पडतो.

हे मी इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका बहुमजली कामावर आम्ही हलकं काँक्रीट पंपाने वर चढवत होतो. खाली स्लम्प सुंदर होता, मी स्वतः मोजला होता. वर पाइपातून जे आलं ते जवळजवळ कोरडं, आणि थोड्या वेळाने लाइन जाम. झालं असं की खडी आम्ही फक्त दोन तास भिजवली होती, नुसती पडून राहिली असती तर तेवढं चाललं असतं, पण पंपाच्या प्रेशरने पाणी गोळीच्या उरलेल्या पोकळ्यांत दाबलं गेलं, पेस्टमधलं वंगणच गेलं. पाइप उघडून हाताने रिकामे करताना एक गोळी उचलून फोडली तर बाहेरचा दोन मिलीमीटरचा थर काळा ओला आणि मधोमध फिकट कोरडा गाभा. तो फिकट ठिपका मी आजही प्रत्येक नव्या खडीत आधी शोधतो. पंप करायचं असेल तर गोळी फोडून बघा, गाभा कोरडा दिसतोय तोवर पंपाला लावू नका.

आता ७ दिवसांच्या ११ एमपीएबद्दल. राख सिमेंटसारखी लगेच काम करत नाही. सिमेंट पाण्याशी रिॲक्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चुना सोडतं, आणि राखेतला काचेसारखा सिलिका हळूहळू त्या चुन्याशी जुळून तोच चिकट पदार्थ बनवतो जो सिमेंट बनवतं. म्हणजे राखेला आधी चुना तयार व्हायची वाट बघावी लागते आणि नंतरही ती सावकाशच चालते, थंडीत तर आणखीनच. तुम्ही ३० टक्के राख घालून ७ दिवसांना ताकद मागताय, तेव्हा राखेने खातंच उघडलेलं नसतं. २८, ५६ आणि ९० दिवसांची क्युब ठेवा. डिझाइन करणाऱ्याशी बोलून ताकद ५६ दिवसांची धरता येत असेल तर जरूर धरा. शटरिंग काढायला घाई असेल तर राखेऐवजी किंवा राखेबरोबर दळलेला ब्लास्ट फर्नेस स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, बघा, त्याच्यात स्वतःचा कॅल्शियम भरपूर असतो त्यामुळे तो राखेपेक्षा लवकर उठतो आणि ५० टक्क्यांपर्यंत आरामात घालता येतो. सिलिका फ्यूम (सिलिकॉनच्या भट्टीच्या धुरातून मिळणारी अतिबारीक पूड) ५ ते ७ टक्के घातला तर सुरुवातीची ताकद वाढते आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मॉर्टर चिकट होतो आणि खडी तरंगत नाही, पण तो इतका बारीक असतो की पाणी खूप मागतो, चांगल्या सुपरप्लास्टिसायझरशिवाय, म्हणजे पाणी न वाढवता मिक्स सैल करणाऱ्या रसायनाशिवाय, त्याच्या वाटेला जाऊ नका.

राख खरंच चांगली आहे का हे तपासायचं असेल तर तीन गोष्टी बघा. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर किती उरते, जाळल्यावर वजन किती कमी होतं म्हणजे न जळलेला कोळसा किती, आणि सिमेंटशी मिसळून ताकदीचं प्रमाण किती येतं. एएसटीएम सी ६१८ ह्या राखेच्या अमेरिकन मानकात चाळणीवर उरणं ३४ टक्क्यांच्या आत, जळणारं ६ टक्क्यांच्या आत आणि ताकद नुसत्या सिमेंटच्या किमान ७५ टक्के अशा मर्यादा आहेत. न जळलेला कोळसा जास्त असेल तर तो हवा धरणारी रसायनं गिळतो, हा त्रास फोम काँक्रीट करणाऱ्यांना सगळ्यात जास्त होतो, फोम घातला की डोळ्यांदेखत बसतो. बाटलीत थोडी राख, सिमेंट, पाणी आणि हवा धरणाऱ्या रसायनाचे मोजून थेंब घालून हलवायचं, वरचा फेस टिकायला किती थेंब लागतात ते मोजायचं, आणि नव्या प्रत्येक ट्रकला तेच करून आकडा बदलतोय का बघायचं. पाच मिनिटांची टेस्ट आहे, पण ती पुढचे कित्येक दिवस वाचवते. आणि मिक्स करताना झोंबणारा अमोनियाचा वास आला तर घाबरू नका, चिमणीतल्या नायट्रोजन ऑक्साइडवर उपाय म्हणून वीजकेंद्रात अमोनिया वापरतात तो राखेत थोडा राहतो आणि सिमेंटच्या अल्कलीने बाहेर पडतो, ताकदीला त्याने काही होत नाही पण बंद जागेत काम करणाऱ्यांची काळजी घ्या.

सिमेंट वाढवू का, ह्याचं उत्तर फुटलेला क्युब देतो. मशीनमधून काढलेला क्युब फेकू नका, हाताने उकलून आतला चेहरा बघा. साध्या काँक्रीटमध्ये तडा दगडाला वळसा घालून जातो. हलक्या काँक्रीटमध्ये दोन शक्यता असतात. तड्याच्या पृष्ठभागावर अख्ख्या गोल गोळ्या आणि समोरच्या तुकड्यात त्यांचे गुळगुळीत खळगे दिसले तर पेस्ट कमजोर आहे, अजून पिकलेली नाही किंवा पाणी जास्त झालंय. पण गोळ्या मधून चिरल्यासारख्या अर्ध्या झालेल्या असतील, स्पंजासारखी छिद्रं उघडी पडलेली दिसत असतील, तर पेस्टने आपलं काम केलंय आणि आता खडीच हरतेय. ह्या ठिकाणी सिमेंट वाढवून काही हाती लागत नाही. ह्या खडीची जी कमाल आहे ती आली. मग उपाय खडीत शोधायचा, मोठ्या गोळ्या काढून ८ ते १० मिलीमीटरच्या आतल्या ठेवायच्या कारण मोठ्या गोळ्या सहसा जास्त पोकळ असतात, किंवा दुसरी चांगली भाजलेली खडी बघायची, किंवा थोडी घनता सोडून काही भाग दगडी खडी घालायची. तुमच्या ७ दिवसांच्या क्युबमध्ये मला वाटतं गोळ्या अख्ख्याच निघतील.

आणि हा मुद्दा नुसत्या ताकदीचा नाहीये, कार्बनचाही, म्हणजे बनवताना हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचाही, हाच आहे. लोक हलकं आणि कमी कार्बनचं हे दोन शब्द एका दमात म्हणतात जणू एक केलं की दुसरं आपोआप होतं. तसं होत नाही. किंबहुना नीट लक्ष दिलं नाही तर हलकं काँक्रीट साध्यापेक्षा जास्त कार्बनचं होतं, आणि मला ह्याची खरी काळजी वाटते कारण चांगल्या हेतूने केलेली कामं अशी उलटी पडताना मी पाहिली आहेत.

सिमेंटचा कार्बन येतो कुठून ते आधी. भट्टीत साधारण १४५० अंशांवर क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं तो भाजलेला खडा, बनतो, आणि चुनखडीचा दगड तापला की १०० किलोतले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. एक टन क्लिंकरमागे फक्त दगडातूनच अर्ध्या टनाच्या वर गॅस निघतो, इंधनाचा वेगळा. म्हणजे भट्टी उद्या पूर्ण स्वच्छ विजेवर चालवली तरी दगडातला कार्बन जात नाही. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के सिमेंटचा असतो तो ह्यामुळे. क्लिंकर कमी करणं हाच सगळ्यात मोठा हात मारायचा मार्ग आहे.

आता हिशोब करू. मी इथे समजायला सोपे आकडे धरतोय, तुम्ही तुमच्या पुरवठादाराच्या पर्यावरण घोषणापत्रातले धरा. सिमेंट किलोमागे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड, दळलेला स्लॅग ०.०८, भाजलेली हलकी खडी ०.२, दगड-वाळू ०.००५. साधं काँक्रीट ३५० किलो सिमेंटचं: सिमेंटचे ३१५ आणि खडी-वाळूचे ९, मिळून ३२४ किलो. आता हलकं काँक्रीट, जिथे ताकद येईना म्हणून सिमेंट ४५० वर नेलंय आणि ६५० किलो भाजलेली खडी आहे: ४०५ अधिक १३० अधिक वाळूचे ३, झाले ५३८. साध्याच्या दीडपटीहून जास्त! आणि ह्याला लोक राखेची खडी आहे म्हणून ग्रीन म्हणतात. आता तेच नीट केलं, बाइंडर ४३० आणि त्यात निम्मा स्लॅग, खडी ६०० किलो: सिमेंटचे १९३, स्लॅगचे १७, खडीचे १२०, वाळूचे ३, एकूण ३३३. म्हणजे एवढं करूनही साध्याच्या बरोबरीला आलो, खाली नाही. खडी भाजताना ११०० ते १२०० अंश लागतात, ते कुठे जाणार. पण त्या खडीच्या जागी न भाजलेली हलकी खडी मिळाली, उदाहरणार्थ बॉयलरच्या तळाची बॉटम ॲश नुसती चाळून, तर १२० च्या जागी ६ धरा, आणि एकूण २१९. आता खरंच एक तृतीयांश कमी झालं.

अर्थात घनमीटरला मोजणं हे अर्धंच मोजणं आहे. हलक्या काँक्रीटचा फायदा बीम, कॉलम आणि पाया बारीक होण्यात असतो. तोही फुगवून सांगितला जातो. १५० मिलीमीटरचा स्लॅब २४०० वरून १८०० घनतेवर आणला तर स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३.६ वरून २.७ किलोन्यूटन होतं, २५ टक्के कमी. पण फिनिशिंगचे १ आणि वापराचे २ धरले तर एकूण भार ६.६ वरून ५.७, म्हणजे जेमतेम १४ टक्के. लांब गाळे, उंच इमारत, पोचट जमीन, भूकंपाचा प्रदेश, जुन्या इमारतीवर चढवलेला मजला, अशा ठिकाणी हे १४ टक्के सोन्यासारखे आहेत. चार भिंतींच्या एकमजली घराला त्याचा काही उपयोग नाही, तिथे साधंच काँक्रीट घ्या आणि त्यातला क्लिंकर कमी करा, तेच कमी कार्बनचं.

हलकं काँक्रीट काही आजचं नाही. रोमच्या पँथिऑनच्या घुमटात खाली जड दगड आणि वर जाता जाता हलका प्युमिस घातलेला आहे, ४३ मीटरचा तो घुमट अठराशे-एकोणीसशे वर्षं उभा आहे. आधुनिक हलकी खडी आली ती वीटभट्टीतून, जास्त भाजून फुगलेल्या विटा सगळे टाकून द्यायचे, स्टीफन हेड नावाच्या अमेरिकन वीटवाल्याने त्यातून खडी बनवायची पद्धत काढली आणि १९१८ मध्ये पेटंट घेतलं, आणि लगोलग १९१९ मध्ये त्या खडीच्या काँक्रीटचं सेल्मा नावाचं तेलवाहू जहाज पाण्यात उतरलं. त्याचा सांगाडा टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनजवळ समुद्रात अजून आहे. फ्लाय ॲशवरचं पायाभूत संशोधन कॅलिफोर्नियात रेमंड डेव्हिस ह्यांनी १९३७ मध्ये मांडलं. म्हणजे हलकेपणा आणि राख दोन्ही जुनी, त्यांच्यात कार्बनचा हिशोब तेवढा नवा आहे.

खडी भाजायची नसेल तर कोल्ड बाँडिंग बघा, मला ह्यात खूप आशा वाटते. तिरक्या फिरत्या ताटात राख आणि थोडं सिमेंट किंवा चुना, वरून पाण्याचा फवारा, ताट फिरता फिरता त्याच्या गोळ्या वळल्या जातात, आणि मग भट्टी नाही, नुसतं ओलं ठेवून पिकवायच्या. ताटाचा कोन आणि पाणी ह्यात हात बसायला वेळ लागतो. पाणी थोडं कमी पडलं की राख नुसती घसरत राहते, थोडं जास्त झालं की एकदम चिखलाचे मोठे गोळे, मधली जागा फार अरुंद आहे आणि ती कानाला कळते, बरोबर जमलं की ताटातला घसरण्याचा आवाज बदलून वाटाणे ओतल्यासारखा येतो. ह्या गोळ्या भाजलेल्यांपेक्षा कमजोर आणि पाणी जास्त पिणाऱ्या असतात. आणि त्यातलं सिमेंट कार्बनच्या हिशोबात धरायला विसरू नका, १० टक्के घातलं तर ६०० किलो खडीत ६० किलो सिमेंट लपलेलं आहे, म्हणजे ५४ किलो कार्बन. चुना आणि स्लॅगवर बांधता आल्या तर उत्तम.

सगळेच टाकाऊ पदार्थ मात्र बिनधास्त घालू नका. पोलाद भट्टीचा स्लॅग ब्लास्ट फर्नेसच्या स्लॅगहून वेगळा, त्यात मोकळा चुना असतो जो नंतर फुगून काँक्रीट फोडतो, आणि तो जडही असतो. कचरा जाळून उरलेल्या राखेत ॲल्युमिनियमचे कण असतात, सिमेंटच्या अल्कलीत त्यातून हायड्रोजन निघतो आणि काँक्रीट पावासारखं फुगतं. दाबाखालच्या वाफेत पिकवलेल्या हलक्या ऑटोक्लेव्ह ब्लॉकमध्ये हेच मुद्दाम करतात, पण बीममध्ये ते नको. काचेचा मोठा तुकडा अल्कलीशी रिॲक्शन करू शकतो. आणि कुठलीही राख असो, त्यातले जड धातू पाण्यात उतरतात का ह्याची लीचिंग टेस्ट करून घ्या, काँक्रीटमध्ये बंद झालं म्हणजे प्रश्न मिटला असं धरून चालू नका, ते पुढे कधीतरी फुटणारच आहे.

एक गोष्ट मनापासून सांगतो, पटो न पटो. चांगला ब्लास्ट फर्नेस स्लॅग जगभर आधीच बहुतेक सगळा वापरला जातो. तुमच्या मिक्समध्ये ३० चे ७० टक्के केले तर कागदावर तुमचा कार्बन उतरतो, पण तेवढा स्लॅग दुसऱ्या कोणाच्या मिक्समधून गेला आणि त्याने तिथे सिमेंट घातलं, हवेला काही फरक नाही. फ्लाय ॲशचंही कोळशाची वीजकेंद्रं बंद होतील तसतसं तेच होणार, ब्रिटनमधलं शेवटचं कोळशाचं केंद्र २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं. म्हणून खरा फायदा आज जे वाया जातंय ते वापरण्यात आहे, म्हणजे तळ्यांत साठवलेली जुनी राख सुकवून चाळून, बॉटम ॲश, निकषात न बसणारी जाडी राख खडीसाठी. बाइंडरसाठी भाजलेल्या मातीचं आणि चुनखडीचं मिश्रण बघा, एलसी३ म्हणतात, त्यात क्लिंकर निम्म्यावर येतो, माती ७०० ते ८५० अंशांवरच भाजते आणि मातीतून कार्बन निघत नाही. जिओपॉलिमरबद्दलही लोक विचारतात, म्हणजे सिमेंटऐवजी राख-स्लॅग कॉस्टिक आणि सोडियम सिलिकेटने घट्ट करणं, चांगलं तंत्र आहे पण सोडियम सिलिकेटचा स्वतःचा कार्बन असतो आणि कॉस्टिक हाताळणं धोक्याचं आहे, साइटवर सुरुवात त्याने करू नका, कारखान्यात बनणाऱ्या ब्लॉकला ते शोभतं.

डिझाइनवाल्याला काही गोष्टी आधीच सांगून ठेवा. हलक्या काँक्रीटचा इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, कमी असतो, १८०० घनतेला त्याच ताकदीच्या साध्या काँक्रीटच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे स्लॅब जास्त वाकतो. ओढ आणि शिअरमध्येही (कातरल्यासारख्या जोरातही) ते कमजोर, अमेरिकन कोडमध्ये त्यासाठी ०.७५ ते ०.८५ चा गुणक लावतात. राख-स्लॅग जास्त असेल तर चुना कमी उरतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत शिरून सळई गंजायची भीती वाढते, म्हणून कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, कमी करायचा नाही आणि किमान ७, जमलं तर १० दिवस ओलं ठेवायचं. ह्यात भिजलेली खडी मदतच करते, ती आतलं पाणी हळूहळू पेस्टला परत देते, राखेला पुढचे कित्येक आठवडे लागणारं पाणी तिथूनच मिळतं, बाहेरून मारलेलं पाणी तेवढं खोल जातच नाही. त्याच पाण्याचा एक तोटाही आहे, स्लॅब सुकायला खूप वेळ लागतो, वर लाकडी किंवा व्हिनाइल फ्लोअरिंग लावायचं असेल तर आतल्या आर्द्रतेची टेस्ट केल्याशिवाय लावू नका, नाहीतर काही महिन्यांत ते उचलून येतं. आणि हवेचं प्रमाण मोजताना प्रेशर मीटर वापरू नका, तो गोळीच्या आतली हवाही मोजतो आणि आकडा भलताच देतो, ह्यासाठी पाणी भरून हलवायचं व्हॉल्युमेट्रिक भांडं असतं ते घ्या.

तर आता तुम्ही करायचं असं. सध्याचंच मिक्स, सिमेंट आणि राख तीच ठेवून, खडी तीन दिवस भिजवून निथळून, मोकळं पाणी वजा करून परत करा, स्लम्प ७५ ते १०० च्या मध्ये सुपरप्लास्टिसायझरने आणा, पाण्याने नाही. क्युब ७, २८, ५६ आणि ९० दिवसांचे, प्रत्येकी तीन. दुसरं मिक्स तेच पण ३० टक्के राखेऐवजी ४५ टक्के स्लॅग. तिसरं राखेबरोबर ५ टक्के सिलिका फ्यूम. तिन्हीतले तीन-तीन क्युब वेगळे ठेवून ओव्हनमध्ये सुकवून घनता काढा, ताज्या काँक्रीटची घनता १९०० आली म्हणून निराश होऊ नका, त्यातलं पाणी सुकल्यावरच १८०० दिसेल. आणि २८ दिवसांचे क्युब फोडल्यावर उकललेल्या चेहऱ्यांचे उन्हात तिरक्या उजेडात फोटो काढा, शंभरातल्या किती गोळ्या चिरल्या आणि किती अख्ख्या निघाल्या ते मोजून आकडा लिहून ठेवा. तो आकडा आणि खडीची तीन वजनं माझ्यासमोर आली की मग सिमेंट कमी किती करता येईल ते सांगता येईल.